दुसरी ओ

केसरीनाथ शेठ लूमच्या रांगेपलीकडे उभे राहून बोलत होते आणि सुश्रुत त्यांच्या ओठांकडे बघत होता. भिवंडीलगतच्या शेलार गावातल्या त्या पत्र्याच्या कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू असताना कोणी कोणाचं ऐकत नसे, कारण ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तिथं सगळे एकमेकांचे ओठ आणि हात वाचायचे. सुश्रुत तिथला मेहता, आणि त्यात सगळ्यांत पटाईत. पाठमोऱ्या माणसाचा गाल हललेला बघून मेहताजी शिवी कुठली ते सांगतात, अशी कारीगरांत त्याची ख्याती होती.

"आता परवडत न्हाय, मेहता," शेठचे ओठ म्हणत होते. "सूत महाग, लाईट महाग, कापड पडून हाय. लूम भंगारात दिल्या. शुकरवारी गाडी येनार हाय. तू उभा ऱ्हा आन् माल नीट चढवून दे."

सुश्रुतला शब्द न् शब्द कळला होता. तरी त्यानं कानामागे हात नेला आणि कळलं नाही असं दाखवलं. शेठनी सगळं पुन्हा सांगितलं. तेवढीच घटकाभर उसंत. मग मान हलवणं भाग होतं, ती त्यानं हलवली.

"गोडाऊन झाल्यावं तुला ठेवीन रं गेटवर," शेठ जाता जाता म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

पण सुश्रुत घाबरला तो नोकरीपायी नव्हे. नोकरी गेली तर माणूस दुसरी बघतो. हा खडखडाट बंद झाल्यावर आपला भाऊ जगणार कसा, याची त्याला भीती होती. आणि ही भीती शेठला काय, जगात कोणालाच सांगण्यासारखी नव्हती. सांगितली असती तर लोकांनी त्याला उचलून ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं असतं.

लोक तसेही त्याला अर्धवटच म्हणत. प्रभाकर कारकुनांचा थोरला मुलगा, बी.कॉम. झालेला, बँकेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला. नेमणूक जव्हारकडच्या छान थंड हवेच्या शाखेत आली, तर हा पठ्ठ्या ती नाकारून लूमच्या कारखान्यात मेहता झाला. मेहता म्हणजे कारीगरांच्या पाळ्या लावायच्या, कापडाचे तागे तपासायचे आणि शेठच्या शिव्या खायच्या. दैव देतं आणि कर्म नेतं, असं म्हणत नातेवाइकांनी हात टेकले. त्यानं लग्नही केलं नाही. शांत ठिकाणी राहायचं नाही, एवढी एकच अट तो आयुष्याला घालत आला होता, आणि त्या अटीत बसेल अशी मुलगी कुठून मिळणार? माणसं शांततेसाठी माथेरानला जातात, हिमालयात जातात. हे दोघे भाऊ शांततेपासून पळत होते.

त्याला कारण अंजूरचं होतं.

दोघं लहान असताना घर अंजूरला होतं. उन्हं कलली की खाडीच्या बांधावर चिंबोऱ्या धरायला जायचा त्यांचा परिपाठ. असंच एकदा खाजणातल्या तिवरांमधून आईची हाक आली. "सुयश!" आता आई त्या दिवशी ठाण्याला मामाकडे गेलेली. सुश्रुतच्या ते ध्यानात आलं, त्यानं वळून धाकट्याच्या तोंडावर हात दाबला. पण त्याचा हात पडायला आणि सुयशनं "ओ!" द्यायला एकच गाठ पडली. ओ निघून गेली होती.

तिवरांत काहीतरी उभं राहिलं. माणसापेक्षा पुष्कळ उंच, अंगावरून चिखल गळणारं. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी आणि दोन्ही बाजूंना सुपाएवढे कान. ते कान सावकाश पोरांकडे वळले. सुश्रुतनं भावाचं मनगट धरलं आणि दोघं घरापर्यंत मागे न बघता धावत सुटली. सुयश वाटेत रडायला लागला, तर सुश्रुतनं धावता धावताच त्याचं तोंड पुन्हा दाबलं. रडण्याचा आवाजही ऐकू जाईल, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भीतीनं सांगितलं.

प्रभाकर कारकून हसले. ते तालुक्याच्या कचेरीत होते, आणि कचेरीतल्या माणसाचा भुतांपेक्षा साहेबांवर विश्वास जास्त. पुढे काही दिवसांनी, भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना दाराबाहेरून हाक आली. "प्रभाकर!" ते झोपेतून "ओ" म्हणत उठले, कडी काढली आणि दारात उभं राहून पुन्हा म्हणाले, "ओ, कोण आहे?"

आत आले ते तोंड उघडं ठेवूनच. त्या तोंडातून पुन्हा कधी आवाज निघाला नाही. ठाण्याचे झाले, मुंबईचे झाले, कुठल्याच डॉक्टरला घशात काही सापडलं नाही. माणूस बोलायला बघायचा आणि बोलता येत नाही म्हणून आतल्या आत कुढायचा. वर्षाच्या आत गेले. आणि ते गेल्यावर, दिवस झाले त्या संध्याकाळी, परसातून हाक आली. "सुयश, बाहेर ये रे." आवाज बाबांचा होता. हुबेहूब, वाक्याच्या शेवटी किंचित खोकल्यासारखा अडखळणारा.

आईनं त्याच महिन्यात घर विकलं. पुण्याला मावशीकडे गेले, तर तिथं पंधरवड्यात सोसायटीच्या बागेतून हाक आली. शेवटी भिवंडीत लूमच्या वस्तीत भाड्याची खोली घेतली आणि पहिल्यांदाच हाक थांबली. चोवीस तास चालणाऱ्या लूमच्या आवाजात हाक मारणाऱ्याला हे दोघं सापडत नव्हते. मावशी आईबद्दल म्हणायची, शुभदाला काय दुर्बुद्धी सुचली, त्या खडखडाटात पोरं कशी झोपतील? पोरं तिथं पहिल्यांदा झोपली.

हे सगळं काय आहे ते सुश्रुतला कळलं बायडीकडून. बायडी दिघाशीच्या पाड्यावरची, कारखान्यात कांड्या भरायची. धोट्यातल्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळायचं हे तिचं काम. तिनं या मेहताला कधी भावाला नावानं हाक मारताना पाहिलं नव्हतं. एका शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्याला सरळच विचारलं.

"भाऊ, तुमाला कानोश्या लागलाय व्हय?"

"कोण?"

"कानोसा घेतो त्यो कानोश्या. आमच्याकडं रानात कोन नाव घेऊन हाक मारत न्हाय. हूऽ करत्यात फकस्त. नावाला वो दिली का झालं. पयल्या वोला त्यो मानूस वळखतो, दुसऱ्या वोला घेतो."

"काय घेतो?"

"गला," ती म्हणाली आणि स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. "मंग त्याच गल्यानं दुसऱ्याला हाक मारतो."

"यावर इलाज काय?"

"इलाज न्हाय. एकदा घेतली का त्या मानसाचं मिटलं, परत त्याच्याकडं येत न्हाय. पन घेतल्याबिगर जात न्हाय. डोलं न्हायत त्याला, भाऊ. सगली पारख कानावं."

त्या रात्री सुश्रुतनं खूप विचार केला. सुयशची पहिली ओ गेली होती, दुसरी बाकी होती. वाढत्या वयात त्यात आणखी भर पडली ती अशी की दोघा भावांचा आवाज एक झाला. फोनवर आईसुद्धा फसायची. "कोण, सुयश ना?" म्हणायची, आणि सुश्रुत तिची गंमत करायला त्याच्यासारखाच जरा नाकातून, शेवट वर उचलून, "ओऽ" म्हणायचा. आता ती गंमत राहिली नव्हती. दोघांपैकी कोणीही शांततेत तोंड उघडलं तरी ते येणार. म्हणून दोघंही बोलायचे ते लूमच्या आवाजात. बाकी सगळं हातांनी.

राहता राहिला शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. सकाळी कारखाने एकामागून एक थांबत, आणि संध्याकाळी पुन्हा चालू होईपर्यंत गल्ल्यांवर जी शांतता पसरे ती शहराला सुट्टी वाटे आणि या दोघांची पाचावर धारण बसे. ते उठून हायवेवर जायचे. पुलाखालच्या चहाच्या टपरीवर, कंटेनरच्या हॉर्नमध्ये, दिवस काढायचे. सुयशनं नोकरीही तिथलीच पकडली होती, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. अशी वर्षांमागून वर्षं गेली. आई गेली. लोक म्हणत, किती प्रेम आहे हो भावाभावांत, सुट्टीचा दिवस एकत्र घालवतात.

अलीकडे दोन गोष्टी बिघडल्या होत्या.

एक तर वस्तीतले कारखाने बंद पडायला लागले होते. एक शेड थांबली की तेवढी जागा गप्प होई, आणि त्या गप्प जागेतून हाक एक गल्ली पुढे सरके. परवा सुयश खोलीवर आला तो पांढराफटक पडून. त्यानं हातानं खूण केली, मागच्या गल्लीतून आली. बाबा.

दुसरं म्हणजे आसावरी. सुयशच्या ऑफिसशेजारच्या शाळेत ती मुलांना चित्रकला शिकवायची. चाळिशीकडे झुकलेला हा माणूस तिच्याशी बोलायचा म्हणजे हायवेच्या कडेला उभा राहून ओरडायचा. तिला ती त्याची विनोदी सवय वाटायची. एकदा लूम चालू असताना सुयश कारखान्यात आला आणि सुश्रुतच्या समोर उभा राहिला.

"दादा, मला तिच्याशी लग्न करायचंय."

"मग कर की."

"कसं करू? मला एका खोलीत बसून तिच्याशी हळू बोलायचंय. हळू, दादा. एवढंच. माणसं बोलतात तसं." त्याचे ओठ थरथरायला लागले, म्हणून पुढचं वाचता आलं नाही.

आणि एक तिसरी गोष्ट होती, ती सुश्रुतनं कोणालाच कळू दिली नव्हती. त्याचे कान गेले होते. इतकी वर्षं लूममध्ये काढलेल्या माणसाचे कान जातातच, त्यात नवल नाही. पण त्याचे साफ गेले होते. गंमत अशी की त्याला शांतता ऐकू येत नव्हती. लूम त्याच्या डोक्यात चोवीस तास चालू असे, खटाखट खटाखट, शुक्रवारीसुद्धा. बाहेरचं काही त्या आवाजातून आत येत नसे. ओठ वाचून तो निभावून नेत होता आणि ताकास तूर लागू देत नव्हता. सुयशला कळलं तर तो घाबरेल, हे एक कारण. दुसरं त्याहून वाईट होतं. रात्री तो अंथरुणात पडून विचार करायचा, आता मी कसला राखणदार? ते दारात आलं तरी मला कळणार नाही.

शुक्रवार उजाडला. सुश्रुतनं भावाला हायवेवर जायची खूण केली. सुयशनं मान हलवली, नाही, तुला एकट्याला सोडून नाही जाणार. तसा धोका नाही, असाच हिशेब दोघांनी केला होता. भंगारवाले गॅसचे कटर आणि घण घेऊन येणार, लोखंड तुटणार, ट्रक भरला जाणार. हा शुक्रवार उलट आवाजाचा.

आणि सकाळभर होताही तसा. ज्या लूमवर सुश्रुतनं उभी हयात काढली, त्यांच्या माना ठोकून मोडल्या जात होत्या. कारीगर गावी निघून गेले होते, बायडी हिशेब घेऊन दिघाशीला गेली होती. वायरी तर सकाळीच तोडून नेल्या. सुयश मधूनमधून मोठ्यानं काही बोलत होता, सुश्रुतही बोलत होता, आणि त्या घणाघणीत दोघांनाही जरा मोकळं वाटत होतं.

दुपारी सुयश चहा आणायला गेला. सुश्रुत मागच्या कोपऱ्यात, उरलेल्या कापडाच्या ढिगावर बसून लूमच्या जुन्या फण्या बांधत होता. भंगारवाल्यांचा मुकादम त्याच्या पाठीशी येऊन म्हणाला, "मेहताजी, जुम्मा है, नमाज पढ के आते हैं." भला माणूस, विचारून गेला. सुश्रुतची पाठ होती. त्याला काही कळलं नाही.

घण थांबले. कटर थांबला. ट्रकवालाही मशिदीकडे गेला. आसपासचे कारखाने तर सकाळपासून बंदच होते. शेलारवर अशी शांतता पसरली की पत्र्यावर बसलेलं कबुतर हललं तरी ऐकू जावं. सुश्रुतच्या डोक्यात मात्र लूम चालूच होत्या, खटाखट खटाखट, आणि तो आवाज बाहेरचाच आहे असं समजून तो निवांत फण्या बांधत होता. दोरी संपली. भाऊ इथंच कुठेतरी असेल असं वाटून, घणांच्या वर पोचेल अशा बेतानं, त्यानं छाती भरून हाक मारली.

"सुयश! अरे सुयश, दोरी आण!"

आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. शुक्रवारच्या भर शांततेत भावाचं नाव घेतलं, तेही घसा ताणून. आणि भाऊ आला नाही म्हणून पुन्हा घेतलं.

सुयश दारातून धावत आत आला. चहाचे ग्लास त्यानं कुठेतरी टाकून दिले होते, शर्टावर चहा सांडलेला. ओठांवर बोट. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. त्यानं हातांनी विचारलं, "काम कधी थांबलं?"

"काय थांबलं?" सुश्रुत मोठ्यानं म्हणाला.

सुयश त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं भावाच्या कानाजवळ टाळी वाजवली. सुश्रुतला त्याचे तळहात दिसले, आवाज आला नाही. भावाच्या चेहऱ्यावर सगळं समजल्याचं दिसलं, आणि एवढ्या भीतीतही त्या चेहऱ्यावर आधी दया आली, ती सुश्रुतला सोसवेना.

पुढच्या क्षणी सुयशची मान दाराकडे वळली.

सुश्रुतनं ओळखलं. हाक आली. तो उठला, खटक्याकडे धावला, खटका दाबला. पण वायरी कुठे होत्या? एकही लूम धड नव्हती. मग त्यानं पडलेला घण उचलला आणि लोखंडी बीमवर घालायला सुरुवात केली. एक, आणखी एक. हात भरून आले तरी घालत राहिला. पण एकट्या माणसाचा घण तो कितीसा? दोन घावांमध्ये जी फट राहते त्या फटीतून हाक आत येत होती. ती सुश्रुतला ऐकू येत नव्हती, भावाच्या चेहऱ्यावर दिसत होती. प्रत्येक फटीला तो चेहरा दचकत होता. सुयशनं दोन्ही कानांत बोटं घातली होती. त्याचा उपयोग नसतो हे दोघांनाही ठाऊक होतं. लहानपणी कापसाचे बोळे घालून पाहिले होते. बापाचा आवाज कापसानं अडत नाही.

दाराच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखालून आधी वास आला, खाडीच्या चिखलाचा. मग ते वाकून आत आलं. सुश्रुतच्या हातातला घण गळून पडला.

इतक्या वर्षांनी ते तसंच होतं. ओलं, उंच, पत्र्याला डोकं टेकेल एवढं. त्याच्या मागे, बाहेरच्या लख्ख उन्हात, आणखी दोघं तिघं उभी होती आणि त्यांचे ते अघोरी कान वाऱ्यावर हलल्यासारखे हलत होते. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. त्याला काही दिसलं नाही की काय कोण जाणे, तो सरळ निघून गेला. सुश्रुत भावाशेजारी सरकला. ओरडावं तर ओरडताही येईना, आणि ओरडून उपयोग तरी काय.

मोडलेल्या लूमच्या मधून वाट काढत ते पुढे आलं आणि त्यानं तोंड उघडलं. सुश्रुतला आवाज ऐकू आला नाही, पण ओठ वाचता आले. त्या चिखलाच्या तोंडावर बाबांचे ओठ हलत होते. बोलण्याआधी खालचा ओठ जरासा आत घेण्याची त्यांची लकब होती, ती तशीच.

"सुयश," ओठ म्हणाले. "मला काही दिसत नाही रे. हात दे ना. सुयश, आहेस ना तिथं?"

सुश्रुतनं भावाकडे बघितलं. सुयशच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यानं ओठ दातांखाली दाबून धरले होते, दाबता दाबता ओठातून रक्त आलं. पण बाप अंधारात हात मागतोय आणि मुलानं गप्प राहायचं, हे किती वेळ जमणार? वर्षानुवर्षं जमवलं होतं, आता सुटत चाललं होतं. सुश्रुतला ते दिसलं. दात सुटले. ओठ पुढे आले आणि त्यांचा गोल व्हायला लागला.

तो गोल पुरा होण्याआधी सुश्रुतनं त्याच्या तोंडावर तळहात दाबला, अगदी घट्ट, आणि आपलं तोंड उघडलं.

"ओऽ," तो म्हणाला. "ओ, आलो बाबा."

कसा निघाला आवाज? त्याला कळायला मार्ग नव्हता. स्वतःचा आवाज ऐकून त्याला वर्षं लोटली होती. आईला फसवताना तो कुठून यायचा ते आठवून, जरा नाकातून, शेवट वर उचलून, त्यानं तो काढला होता. छातीत थरथर झाली, एवढंच समजलं. कदाचित तो फाटका निघाला असेल. कदाचित म्हातारा. कदाचित ते भलतंच काही असेल, आणि आता हे दोघांनाही उभं चिरेल.

ते थांबलं. त्याचे कान एकदा सुयशकडे वळले. तळहाताखाली सुयश धडपडत होता, नाही नाही म्हणत होता. सुश्रुतला हाताला त्याची गरम वाफ लागत होती, आणि त्यानं हात आणखी घट्ट केला. ते कान सुश्रुतकडे वळले. परत सुयशकडे.  सुश्रुतनं ओठांवरून जीभ फिरवली आणि पुन्हा एकदा, धाकट्या भावाच्या आवाजात, बापाला ओ दिली.

ते खाली वाकलं. त्याचं तोंड सुश्रुतच्या तोंडापाशी आलं. दुखलं नाही. कांडीवरचं सूत सुटत जावं तसं काहीतरी घशातून सरसर निघून गेलं, आणि शेवटाला एक बारीक झटका बसला. मग कांडी रिकामी झाली.

सुश्रुतनं डोळे उघडले तेव्हा दारात नुसतं ऊन होतं. फरशीवर ओल्या चिखलाचे पाय उमटले होते. ते दारापर्यंत जाऊन संपले होते.

त्यानं हात काढला. सुयश खाली बसला होता. तो काहीतरी बोलत होता, भराभरा, शब्द एकमेकांवर आदळत होते. "दादा, बोल. दादा, काहीतरी बोल ना." सुश्रुतनं प्रयत्न केला. घशातून वारा आला, बाकी काही नाही. बाबा असे वर्षभर तोंड उघडून बसायचे. त्याला वाटलं होतं आपलंही तसंच होईल, जीव कासावीस होईल. पण झालं नाही. त्यानं छातीवर हात ठेवला, मग हाताचा तळवा आडवा फिरवला. ठीक आहे. संपलं. लूममध्ये माणसं हे दिवसभर म्हणतात आणि घशाची गरज पडत नाही.

सुयशला ते कळलं आणि तो रडायला लागला. तोंड पूर्ण उघडून, लहान मुलासारखा, खांदे हलवून. तो किती मोठ्यानं रडत असेल याचा अंदाज सुश्रुतला त्याच्या मानेच्या शिरांवरून आला. पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. पलीकडच्या चाळीतली एक बाई गॅलरीत येऊन बघायला लागली. आवाज पार नाक्यापर्यंत जात असणार.

जुम्म्याची नमाज अजून संपली नव्हती. सगळ्या गल्ल्या बंद होत्या. सुयश रडत राहिला आणि त्या आवाजावर खाडीतलं कोणीही आलं नाही.

सुश्रुतचा हात सवयीनं उचलला गेला होता. तो त्यानं खाली घेतला. भावाला गप्प न करता तो त्याच्या शेजारी फरशीवर बसला आणि त्याचं रडणं बघत राहिला.